व्हेसुव्हियसचे वाटाडे

ज्वालामुखीची एका दिवसाची सहल आपल्याला आजच्या पर्यटनाची देणगी वाटते. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियसवर मात्र वाटाड्यांचा धंदा 18व्या शतकातच रुळला होता, आणि ज्वालामुखीशास्त्राच्या पायात त्यांची मेहनत आहे. 1764 मध्ये नेपल्सला आलेला ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन एकाक्ष वाटाड्या बार्तोलोमेओ पुमोला घेऊन डोंगर चढत राहिला. त्या निरीक्षणांतूनच त्याचा 1776 चा सचित्र ग्रंथ उभा राहिला. तिथली वेधशाळा निघाली ती 1841 मध्ये.

कुणी म्हणेल, हे सारे पोटासाठी. होतेच. भुसभुशीत राखेत पाऊल टाकावे तर अर्धे मागे घसरते. तिथे वाटाड्या खांद्यावरून चामडी पट्टा सोडी आणि पाहुण्याला ओढून वर नेई. 1880 मध्ये डोंगरावर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे आली तेव्हा वाटाड्यांनी तिला कडाडून विरोध केला, तोही पोटासाठीच. पण ज्याची भाकरी डोंगरावर, त्यालाच त्याच्या धुराचा बदललेला रंग आधी दिसतो. ते ज्ञान रोजंदारीचे म्हणून हलके ठरत नाही. रेल्वे 1906 च्या उद्रेकात उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली, 1944 मध्ये पुन्हा गेली. वाटाडे आजही विवराच्या काठावर उभे असतात.