माणूस (चित्रपट, १९३९)

माणूस : पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा मराठी बोलपट. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संवाद व गीते अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णराव यांचे. गणपत या पोलीस शिपायाची भूमिका शाहू मोडक यांनी, गाणाऱ्या मैनेची शांता हुबळीकर यांनी आणि गणपतच्या आईची सुंदराबाई यांनी केली. ‘आदमी’ ही हिंदी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. गणवेशातला पुरुष, गाणारी स्त्री आणि त्यांच्या प्रेमाआड येणारी शिस्त अशा कथेची मराठी पडद्यावरची ही सर्वांत विचारपूर्वक केलेली मांडणी होय. प्रेयसीला गमावल्यावर गणपत पुन्हा कामावर जातो म्हणून तो कर्तव्याचा बोध करणारा चित्रपट मानला जातो. तो बोध चित्रपटात आहेच. मात्र कर्तव्य म्हणजे काय हे त्यात आधी मैना दाखवून देते, गणपत ते तिच्याकडून शिकतो. ‘माणूस’ची थोरवी या क्रमात आहे.

कथानक साधे आहे. पोलिसांच्या धाडीत सापडलेल्या मैनेला गणपत वाचवतो आणि हळूहळू दोघे एकमेकांत गुंततात. तो तिला घरी, भाविक आईकडे नेऊ पाहतो. मैनेला मात्र आपले गेलेले आयुष्य त्या घराच्या उंबरठ्यावर आडवे आलेले दिसते आणि ती निघून जाते. पुढे तिला छळणाऱ्या दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो. तिला सोडवण्यासाठी गणपत कायदा मोडायला तयार होतो. ती नकार देते आणि शिक्षा पत्करते. त्यानंतर गणपत खचतो आणि अखेर सावरून कामावर रुजू होतो. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ने प्रेमभंगानंतर दारूत बुडणाऱ्या नायकाला देशभर लोकप्रिय केले होते. शांताराम यांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे ‘माणूस’, हे समीक्षकांनी मान्य केले आहे. प्रेम गेले तरी आयुष्य उरते, आणि ते जगण्यासाठी असते, हे त्या उत्तराचे सार.

या कथेची जात ओळखण्यासाठी हॉलिवूडमधील ‘मोरोक्को’शी (१९३०) तुलना उपयोगी पडते. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी पॅरामाउंटसाठी केलेल्या या चित्रपटात वाळवंटाच्या कडेला फ्रेंच परदेशी पलटणीचा तळ आहे. टॉम ब्राउन (गॅरी कूपर) हा तिथला शिपाई, आणि एमी जॉली (मार्लेन डीट्रिश) ही नाइट क्लबमधली गायिका. एमीवर प्रेम करणारा एक धनिकही आहे (अडॉल्फ मेंजू). तिला सुखाचे आयुष्य मिळावे म्हणून टॉम दूर होतो. एमी मात्र शेवटी उंच टाचांचे जोडे टाकून पलटणीमागे चालणाऱ्या बायकांबरोबर वाळूत निघते. ‘मोरोक्को’त पुरुष दूर होतो आणि स्त्री त्याच्यामागे जाते, ‘माणूस’मध्ये स्त्री दूर होते आणि पुरुषाला मागे येऊ देत नाही. पहिल्या कथेत प्रेम हे शेवटचे मूल्य ठरते, दुसरीत प्रेमालाही एका मोठ्या कसाला उतरावे लागते.

ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. एकीकडे वाळवंट आणि लष्कर, दुसरीकडे शहरातली गल्ली आणि पोलीसगस्त. शांताराम यांनी ‘मोरोक्को’वरून कथा घेतली असे म्हणायला आधारही नाही. पण इथे प्रश्न उसनवारीचा नाही. हुकमाचा ताबेदार असलेला, हाती दंडशक्ती असलेला पुरुष आणि त्याच सत्तेच्या नजरेत संशयित असलेली स्त्री समोरासमोर आली की कोणत्याही देशात एकच पेच उभा राहतो : गणवेश उतरवायचा की माणुसकी? वाळवंट हे त्या पेचाचे एक नेपथ्य झाले. शांताराम यांनी सामान्य माणसांच्या वस्तीत तो पेच मांडला, त्यामुळे त्याला परदेशी साहसाची झिलई चढली नाही.

हा पेच मराठी मनाला नवा नव्हता. शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेची सुरुवातच एका योद्ध्याच्या खचण्याने होते. स्वजनांच्या मोहाने अर्जुन शस्त्र टाकतो, आणि ज्ञानेश्वरी त्याला आपले विहित कर्म हीच ईश्वराची पूजा म्हणून करायला सांगते. गणपतची अवस्था याच जातीची आहे. ‘माणूस’नंतरच्याच वर्षी प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला आणि ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनीच केली. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली जन्मलेल्या या नटाने वर्षभराच्या अंतराने, आधी कर्तव्यापाशी अडखळलेला शिपाई आणि मग कर्तव्याचा अर्थ सांगणारा संत, असे दोन्ही उभे केले. एका कलाकृतीने दुसरीला जन्म दिला असा दावा यातून करता येत नाही. पण प्रभातचा प्रेक्षक दोन्ही चित्रपट एकाच संस्कारातून पाहत होता, असे म्हणता येईल.

गंभीर आक्षेप पुढचा आहे. विहित कर्माची कल्पना वर्णाच्या उतरंडीला बांधलेली आहे; तिच्या आधारे चित्रपट समजून घेणे म्हणजे वरच्यांना त्यांचे स्थान आणि मैनेला तिची कोठडी बहाल करणे नव्हे काय? नायक सावरतो, किंमत मात्र बाई मोजते. या आक्षेपात तथ्य आहे. तुरुंगापलीकडचे मैनेचे आयुष्य चित्रपटाने कल्पिलेले नाही, ही त्याची खरी मर्यादा. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेद तिन्ही वर्णांपुरताच राहिला म्हणून त्याला कृपण म्हटले आहे, आणि स्त्रीशूद्रांनाही गीतेच्या दारी मुभा दिली आहे. म्हणजे परंपरेच्या आतच दार रुंद करण्याची वृत्ती होती. ‘माणूस’ ते दार आणखी उघडतो : जिला समाजाने कोणतेही प्रतिष्ठित कर्म नेमून दिलेले नाही, तीच सर्वांत कठीण नैतिक निर्णय घेते. समोर असलेली सुटकेची वाट नाकारताना मैनेवर कोणाचा हुकूम नाही. ज्याच्यावर हुकूम आहे तो गणपतच त्या क्षणी डगमगतो. शेवटी त्याचे कामावर परतणे नियमाला शरण जाणे नसून तिच्या निर्णयाचा मान राखणे आहे. तो व्यसनात बुडाला असता तर तिची शिक्षा व्यर्थ गेली असती.

शांता हुबळीकरांच्या अभिनयामुळे हा अर्थ पडद्यावर सिद्ध होतो. ‘कशाला उद्याची बात’ हे गाजलेले गाणे मैना निरनिराळ्या भाषांतल्या कडव्यांनी श्रोत्यांसमोर गाते. त्या बेफिकीर गाण्यामागे भविष्याची आशा सोडलेली स्त्री आहे, आणि तिलाच पुढे स्वतःच्या कृत्याचा भार उचलायचा आहे. पुढे हुबळीकरांनी आपल्या आत्मचरित्रालाही हेच शीर्षक दिले. बाजारू गाण्यापासून आत्मनिर्णयापर्यंतचा मैनेचा प्रवास त्यांनी भडक न करता दाखवला नसता, तर उरला असता तो केवळ उपदेश. म्हणून ‘माणूस’चे मोल ठरवताना शिपायाच्या परतण्यापेक्षा मैनेच्या नकाराला आधी महत्त्व द्यायला हवे. मराठी चित्रपटाने समाजाने टाकलेल्या स्त्रीला दयेचा विषय न करता न्यायबुद्धीचा आधार केले, ते इथे.