दहा लाख टॉयलेट रोल आणि सहा खुणा

"घरातला जुना कोट ऑनलाइन विकला तर टॅक्स भरावा लागेल का हो?" जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधले कितीतरी लोक हा एकच प्रश्न विचारत होते. ईबे, व्हिंटेड, एट्सी अशा साइट्सनी आपल्या विक्रेत्यांची माहिती गोळा करून टॅक्स खात्याला कळवायची, असा नियम १ जानेवारीपासून लागू झाला आणि एकदम गोंधळ उडाला. नवा टॅक्स आला म्हणे! प्रत्यक्षात टॅक्स जुनाच होता, नवीन होतं ते फक्त कळवणं. पण जुनी वस्तू विकणं आणि जुन्या वस्तूंचा धंदा करणं यातली सीमा नेमकी कुठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर ब्रिटिश कोर्टांनी शंभर वर्षं डोकं खाजवलंय आणि त्यातले खटले एकाहून एक भन्नाट आहेत.

सुरुवात १८४२ पासून करू. रॉबर्ट पील पंतप्रधान असताना ब्रिटनमध्ये इन्कम टॅक्स परत आला. धंद्याच्या नफ्यावर टॅक्स, हे तर सरळच. पण कायद्यात 'धंदा' या शब्दाशेजारी अजून एक मजेशीर शब्द होता - 'ॲडव्हेंचर', म्हणजे धंद्याच्या स्वरूपाचं साहस. तेव्हाचे व्यापारी एखादं जहाज माल भरून दूरदेशी धाडायचे, त्या एका खेपेलाही ॲडव्हेंचर म्हणत. थोडक्यात काय, दुकान नसलं, पाटी नसली, एकच व्यवहार केला, तरी तो धंदा ठरू शकतो. सगळी भांडणं या एका शब्दातून निघाली.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे विमानांच्या पंखांना लावायचं लिनन कापड ढिगाने उरलं होतं. मार्टिन नावाच्या माणसाने ते सगळं विकत घेतलं. किती? ४ कोटी ४० लाख यार्ड. (हिशोब केला तर साधारण ४०,२०० किलोमीटर होतात. पृथ्वीला एक अख्खा फेरा मारून वर थोडं उरेल!) हा गृहस्थ शेतीच्या यंत्रांचा व्यापारी, कापडाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बेलफास्टच्या लिनन कारखानदारांना एकगठ्ठा माल विकायचा, असा त्याचा बेत होता. त्यांनी भाव दिला नाही. मग पठ्ठ्याने ऑफिस थाटलं, माणसं नेमली, जाहिराती दिल्या आणि हजाराहून जास्त गिऱ्हाइकांना कापड विकलं. टॅक्सची वेळ आली तेव्हा म्हणतो कसा, "मी तर एकदाच खरेदी केली, हा काही माझा धंदा नव्हे!" प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मार्टिन हरला. खरेदी एकदाच असेल, पण विकण्यासाठी उभारलेला सगळा डोलारा धंद्याचाच होता.

बरं, डोलाराही नसेल तर? रटलेज नावाचा एक सावकार, सिनेमाच्या धंद्यातही असलेला, १९२० मध्ये कामासाठी बर्लिनला गेला होता. तिथे एका दिवाळखोर कंपनीकडून त्याने हजार पौंडांत दहा लाख टॉयलेट रोल घेतले आणि ब्रिटनमध्ये एकाच गिऱ्हाइकाला विकून दहा हजारांहून जास्त पौंड नफा कमावला. एक खरेदी, एक विक्री, संपलं. तरी स्कॉटलंडच्या कोर्टाने १९२९ मध्ये त्याला धंदाच ठरवलं. का? दहा लाख टॉयलेट रोल कोणी घरी वापरायला घेत नाही, आणि ते भिंतीवर लावून बघत बसायची गोष्टही नव्हे. विकण्याखेरीज दुसरा हेतू असूच शकत नाही.

आता या नाटकात एक ओळखीचं पात्र येतं. नफ्यावर आणि उत्पन्नावर टॅक्स कसा असावा हे ठरवायला १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये एक शाही आयोग नेमला गेला. त्याचे पुढचे अध्यक्ष होते लॉर्ड रॅडक्लिफ. हो, तेच! १९४७ मध्ये जेमतेम पाच आठवड्यांत भारत-पाकिस्तानची सीमा आखणारे सिरिल रॅडक्लिफ. नकाशावर रेघ ओढणाऱ्या या माणसाच्या आयोगाने १९५५ च्या अहवालात इथे मात्र रेघ ओढली नाही. त्याऐवजी धंदा ओळखायच्या सहा खुणा दिल्या. वस्तू कुठल्या प्रकारची आहे? ती किती काळ जवळ ठेवली? असे व्यवहार किती वेळा केले? विकण्याआधी तिच्यावर काही काम केलं का - दुरुस्ती, रंगरंगोटी, जाहिरात? विकायची वेळ का आली, पैशांची अचानक गरज वगैरे? आणि शेवटी, हेतू काय होता?

आमच्यासारख्या प्रोग्रामर लोकांना असलं काही सहन होत नाही. इफ-एल्स द्या, आकडा द्या, विषय संपवा! पण कुठलीही एक खूण पुरेशी नाही, सगळ्या एकत्र बघायच्या, असं हे प्रकरण आहे. आणि नीट बघितलं तर बहुतेक खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: विकताना नव्हे, तर *घेताना* तुमच्या मनात काय होतं. याचं उलट उदाहरण १९७४ चं. एका माणसाने लिलावात भावनेच्या भरात एक मोठं जुनं घर घेतलं, ५,१०० पौंडांना. बायको म्हणाली, मी इथे राहणार नाही. (विषय संपला!) पुढे त्याने तिथे घरं बांधायची परवानगी मिळवली आणि सगळं ५४,५०० पौंडांना विकलं. नफा दसपटीच्या घरात, तरी अपिलात कोर्ट म्हणालं, हा धंदा नव्हे.

हे सगळं साहेबाच्या देशातलं, असं समजू नका. आपल्या १९२२ च्या इन्कम टॅक्स कायद्यात 'धंदा' या शब्दाच्या व्याख्येत हेच 'साहस' आलं आणि १९६१ च्या कायद्यातही कायम राहिलं. कोइमतूरच्या एका कंपनीने ती स्वतः कारभार बघत असलेल्या गिरणीलगतच्या जमिनी सुमारे ८,७०० रुपयांना घेऊन पुढे ५२,६०० रुपयांना त्याच गिरणीला विकल्या. सुप्रीम कोर्टात निकाल लिहिला आपल्या गजेंद्रगडकरांनी. त्यांनी हे ब्रिटिश खटले एकेक करून तपासले आणि सांगितलं की सगळीकडे चालेल असं एकच सूत्र नाही, पण हा व्यवहार धंद्याचाच.

मग इंटरनेटने बदललं काय? नियम नाही. बदलली ती वस्तूंची संख्या आणि यंत्राची स्मरणशक्ती. पूर्वी अशा प्रश्नात अडकायला पृथ्वीभर कापड लागायचं आणि उत्तर द्यायला वकील असायचे. आज आजीचं घर रिकामं करणारी नात चाळीस वस्तू विकते आणि जुन्या बाजारातून चाळीस जॅकेटं स्वस्तात उचलून विकणारा पोरगाही चाळीसच. साइटच्या रिपोर्टात दोघं अगदी सारखे दिसतात, कारण त्यात विक्री किती झाली ते असतं, ती वस्तू तुम्ही *का* घेतली होती ते नसतं. पहिली धंदा करत नाही. दुसरा करतोय, मग त्याला तो छंद वाटो की आणखी काही. ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून धंद्याच्या वर्षाला हजार पौंडांपर्यंतच्या विक्रीला सूट दिली, म्हणजे अगदी छोटे मासे सुटतात. पण ती सूट विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तेव्हा मंडळी, जुन्या वस्तू विकत असाल तर खरेदीची तारीख आणि किंमत कुठेतरी लिहून ठेवा. रॅडक्लिफसाहेबांच्या शेवटच्या खुणेचा, म्हणजे हेतूचा, पुरावा यंत्राकडे नाही. तो ठेवला तर तुम्हीच ठेवणार.

असो. टॉयलेट रोल मात्र बेताने घ्या!