धनी कोण?

हॅरी बेट्स यांची ‘फेअरवेल टू द मास्टर’ ही कथा १९४० साली ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकात आली. तिच्या अखेरीस कळते की, ज्याला सारे नोकर समजले तो यंत्रमानवच धनी होता! १९५१ साली रॉबर्ट वाइज यांनी तिच्यावरून ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा बोलपट काढला. अणुबाँबच्या धास्तीचा तो काळ. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी कथेतला धक्का वगळून परग्रहावरील पाहुण्या क्लाटूच्या तोंडी युद्धखोर जगाला इशारा घातला. यंत्रमानव पहारेकरी झाला. पण त्याला दिलेला अधिकार परत घेता येत नाही, असे क्लाटूच बजावतो. म्हणजे मूळ प्रश्न उरलाच. दिलेला अधिकार परत घेता येत नसेल तर धनी कोण, हे आम्ही यंत्रावर राबणारी माणसे पुरते जाणतो.