पोथी, पाटी आणि कुंडलचा आवाज

वर्गात ‘गजरा’ म्हटले की आजच्या विद्यार्थ्यांना फुलेच आठवतात. आमच्या पिढीला मुंबई दूरदर्शन आठवते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्राचे ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारखे कार्यक्रम मराठी वाङ्मयीन जीवनाचा भाग होते. मात्र त्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पुष्कळदा प्रेक्षकांच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते.

याचे कारण माध्यमाच्या घडणीतच आहे. आरंभी स्टुडिओतले कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. बाहेरचे चित्रण १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई. १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रण करणारे यंत्र आणले आणि कार्यक्रम साठवणे शक्य झाले. पण फीत महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. फिल्म ही पोथी होती, फीत ही पाटी. उद्याच्या कार्यक्रमासाठी कालचा पुसायचा, हा हिशेब भल्याभल्यांनी केला: बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अशाच व्यवहारात दीर्घकाळ गहाळ राहिले. कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रक्षेपण म्हणजे नाटकाचा प्रयोग, पडदा पडला की संपला, अशीच तेव्हाची धारणा होती.

मनोरंजन गेले तर हळहळ वाटते. साक्ष गेली तर इतिहासच लंगडा होतो. सांगली जिल्ह्यातील कुंडल हे १९४३ नंतरच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी गेले, तेव्हा मुंबई दूरदर्शन जेमतेम चार वर्षांचे होते. त्यांच्या रांगड्या वक्तृत्वाचा आशय छापता येतो, लय छापता येत नाही.

तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कुंडलचे ‘कॅप्टन भाऊ’, यांच्या बाबतीत मात्र काळाने थोडी सवड दिली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवणाऱ्यांत ते होते. पी. साईनाथ यांनी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहासाठी त्यांची भेट घेतली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. डिजिटल कॅमेऱ्यामुळे आता पुढच्या मुलाखतीसाठी आधीची पुसावी लागत नाही. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी कॅप्टन भाऊ गेले. गाडी ‘लुटली’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता; इंग्रजांनी इथल्या लोकांचा चोरलेला पैसा आपण परत आणला, एवढेच त्यांचे म्हणणे होते.