नमते घेणारी यंत्रे

घरात दिवा लागला की त्याचा भार त्याच क्षणी दूरच्या एखाद्या जनित्रावर पडतो व त्याचे चाक किंचित मंदावते. दिवे मालवले की तेच चाक उसळते. विजेची आवर्तने या चाकाच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे त्यास लगाम घालणे अवश्य ठरते. ही विद्या मात्र विजेहूनही जुनी आहे.

पिठाच्या पवनचक्क्यांत जात्याच्या दोन दगडांमधील अंतर राखण्याकरिता फिरत्या गोळ्यांची एक युक्ती योजीत असत. लंडनच्या अल्बियन मिलमध्ये ती मॅथ्यू बोल्टनच्या दृष्टीस पडली, आणि १७८८ साली त्याचा भागीदार जेम्स वॅट याने ती वाफेच्या इंजिनास लावली. गती वाढली की गोळे फाकून वाफेची झडप मिटवू लागतात. गती उतरली की ते खाली येऊन झडप उघडतात. हाच गव्हर्नर होय. परंतु फाजील तत्परतेने त्याचा घात होई. झडप गरजेहून अधिक उघडावी, मग गरजेहून अधिक मिटावी, असे इंजिन हेलकावे खात राही. हे हेलकावे केव्हा शमतात व केव्हा वाढत जातात, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ साली मांडले.

खरी कसोटी लागली ती अनेक जनित्रे एकाच तारेस जोडली गेली तेव्हा. अशी जनित्रे एकाच तालावर फिरतात. कोणासही वेगळी चाल धरता येत नाही. तेथे प्रत्येक गव्हर्नरने ५० आवर्तनांचाच हट्ट धरला, तर ज्याचे माप केसभर वर तो सारा भार ओढून घेतो व दुसरा रिकामा फिरतो. यावर उपाय निघाला तो नमते घेण्याचा. भार वाढेल तशी गती थोडी उतरू द्यावयाची. पूर्ण भारास हा उतार सर्वांनी शेकडा ५, म्हणजे अडीच आवर्तने, ठेवला तर अर्धे आवर्तन घटताच प्रत्येक जनित्र आपल्या शक्तीचा पाचवा हिस्सा अधिक उचलते. निरोपाची देवघेव न होता लहानमोठ्यांची वाटणी चोख होते. विजेच्या दाबाचा कारभार मात्र निराळा असतो. जनित्राच्या चुंबकास मिळणारा प्रवाह कमीअधिक करून दाबनियंत्रक तो सांभाळतो.

तथापि नमते घेतल्याने उतरलेली आवर्तने पुन्हा वर आणावी लागतात. अमेरिकेत हेन्री वॉरन याने १९१६ साली बोस्टनच्या वीजगृहात याकरिता एक घड्याळ बसविले. त्याचा एक काटा लंबकावर व दुसरा विजेवर चाले. तेथील ६० आवर्तनांत पाव आवर्तन जरी उणे झाले, तरी दिवसाकाठी विजेचा काटा सहा मिनिटे मागे पडे. काट्यांत अंतर दिसताच गव्हर्नरची बैठक सुधारीत.

भारतात कित्येक वर्षे आवर्तने ४८ पासून ५२ पर्यंत भटकत, आणि अनेक वीजगृहांत गव्हर्नर जखडून ठेवलेले असत. प्रत्येकाने आपले यंत्र जपावे व साऱ्यांचा ताल बिघडावा, अशी ती अवस्था होती. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र व गोव्यातही, ठरावाबाहेर घेतलेल्या विजेची किंमत आवर्तनांवर ठरू लागली. आवर्तने घसरली की ती वीज महाग पडे. त्यानंतर आवर्तने पुष्कळ सावरली. यंत्रांना गोळ्यांनी जे शिकविले, ते माणसांस शिकविण्याकरिता हिशेबाची वही लागली.