कांदेबाग : थंडीपूर्वी रुजलेला कंदच तरतो

जळगाव जिल्ह्यात केळीची लागवड प्रामुख्याने दोन हंगामांत होते. मृग नक्षत्राच्या सुमारास, जून-जुलैमध्ये लावली जाते ती 'मृगबाग' आणि पावसाळा सरल्यावर, मुख्यत्वे ऑक्टोबरात लावली जाते ती 'कांदेबाग'. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तापी खोऱ्यातील तालुक्यांत केळी हे प्रमुख नगदी पीक आहे. २०१६ मध्ये 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. शहरातील हातगाडीवर बाराही महिने केळी दिसतात, त्यामागे या दोन हंगामांचा मोठा वाटा आहे. मात्र कांदेबाग मुळातच उशिराची. तिला आणखी विलंब झाला तर शेतकऱ्याचे दीड वर्षाचे गणित बिघडते.

कंदाला ऊब हवी

केळी हे उष्ण व दमट हवामानातील पीक. तापमान १६ अंश सेल्सिअसखाली गेले की तिची वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास जवळपास थांबते. खान्देशातील उन्हाळा प्रखर, तसाच हिवाळाही कडक. धुळ्यात किमान तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. ऑक्टोबरातील उष्णतेत कंद लवकर मुळे धरतो आणि थंडी येईपर्यंत रोप सावरते. डिसेंबरात लावलेला कंद मात्र गार, ओल्या मातीत निपचित पडून राहतो. त्याला कोंब उशिरा फुटतो, काही कंद कुजतात आणि नांग्या भरण्याचा खर्च वाढतो.

दुसऱ्या हिवाळ्याचा फटका

वेळेवर लावलेली कांदेबाग साधारणपणे पुढील पावसाळ्यात निसवते. लागवड लांबली की निसवण दुसऱ्या हिवाळ्यात जाते. थंडीत पाने जवळजवळ येतात, घड पोग्यातच अडकतो, बाहेर पडला तरी फण्या लहान राहतात आणि फळे भरण्यास अधिक काळ लागतो. म्हणजे लागवडीतील काही आठवड्यांच्या विलंबाची किंमत वर्षभरानंतर मोजावी लागते. हवामानाधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान हा स्वतंत्र धोका मानला आहे, तो याचमुळे.

कंदाची निवड

कंद निरोगी बागेतूनच घ्यावेत. पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगाचा प्रसार कंदांतूनही होतो. तलवारीसारखी अरुंद पाने असलेल्या मुनव्यांचे, उभट, नारळाच्या आकाराचे, अर्धा ते पाऊण किलो वजनाचे कंद उत्तम. त्यांवरील मुळ्या छाटून ते बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवावेत. सर्व कंद एकसारख्या वजनाचे असल्यास बाग एकाच वेळी निसवते. दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. त्यामुळे निवडीतील चूक हजारो झाडांना भोवू शकते.

उशीर झालाच तर

लागवड नोव्हेंबरच्या पुढे जात असल्यास कंदांऐवजी ऊतिसंवर्धित रोपे लावणे अधिक सुरक्षित. त्यांना मुळे आधीच फुटलेली असतात. तथापि कोवळ्या पानांना थंडीपासून जपावे लागतेच. त्यासाठी रोपांवर क्रॉप कव्हर घालतात. बागेला रात्री किंवा पहाटे विहिरीचे पाणी द्यावे, कारण ते त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. निंबोळी ढेप, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन, बांधावर पहाटे धूर आणि वाऱ्याच्या दिशेला शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण हे उपायही उपयुक्त ठरतात.

कंदच लावायचे असतील, तर कडाक्याच्या थंडीत घाई न करता फेब्रुवारीपर्यंत थांबणे श्रेयस्कर. त्यानंतर मात्र एप्रिल-मेमधील उष्ण वाऱ्यांत पुरेल इतके पाणी हाताशी हवे. खणलेला कंद फार दिवस टिकत नाही. म्हणून लागवडीचा दिवस ठरेपर्यंत तो मूळ बागेतून काढूच नये.