बैलाच्या पाठीवरचा वळ, पन्नास रुपये

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी एक वाजता भरलेली बैलगाडी हाकणं हा गुन्हा आहे. गंमत करत नाहीये. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. पारा ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. अणकुचीदार काठीने हाकायचं नाही, म्हणजे तुतारीला लावलेली लोखंडी आर बेकायदा. आमच्याकडे ३७ अंश मार्चमध्येच मागे पडतात. नियम मोडला तर शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मूळ कायदा याहून स्वस्त आहे. १९६० च्या 'प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध' कायद्याचं कलम ११ काढून बघा. बैलाला बेदम मारलं, झेपणार नाही इतकं ओझं लादलं, उपाशी ठेवलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात, तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आमच्या धंद्यात अशा आकड्याला 'हार्डकोडेड' म्हणतात. कुणीतरी एकदा टाइप केलेला असतो, आणि सिस्टिम चालते आहे म्हणून कुणी त्याला हात लावत नाही.

हा आकडा आला कुठून, ते शोधायला गेलो की आधी १८६० ची भारतीय दंड संहिता लागते. तिच्यात जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं हे 'आगळीक' या सदरात होतं, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीत. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जनावराला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. हत्ती, उंट, घोडा, म्हैस, गाय, बैल यांना किंमत कितीही असो, पाच वर्षांपर्यंत. इतर जनावर पन्नास रुपयांचं असेल तर तेवढीच. दहा रुपयांच्या आतलं कुत्रं या हिशेबात बसतच नव्हतं. दुखापत बैलाला होते, पण कायद्याने मोजलं ते माणसाचं नुकसान.

छळाचा स्वतंत्र कायदा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १८९० मध्ये आला. त्याआधी इंग्लंडमध्ये १८२२ साली रिचर्ड मार्टिनने गुरांसाठी कायदा करवून घेतला होता, कलकत्त्यात १८६१ मध्ये आणि मुंबईत १८७४ मध्ये प्राणिदया संस्था निघाल्या होत्या. १८९० च्या कायद्यातली एक अट मात्र फार बोलकी आहे. मारहाण रस्त्यावर, सार्वजनिक जागी किंवा तिथल्या माणसाला दिसेल अशी झाली, तरच गुन्हा. गोठ्यातली, बांधावरची मारहाण कायद्याच्या नजरेबाहेर.

तो काळ इथल्या रस्त्यावर ठेवून बघा. रेल्वे नव्हती तोवर यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनला जायचा, पंचेचाळीसेक किलोमीटर. त्याआधी बंजाऱ्यांचे तांडे लदणीच्या बैलांवरून धान्य आणि मीठ वाहायचे. वऱ्हाडच्या कापसाने गिरण्या चालल्या असं आपण शाळेत वाचतो. तो कापूस स्टेशनापर्यंत कुणाच्या खांद्यावर गेला, ते धड्यात नसतं. या रस्त्यावर वळ दिसायचा तो बैलाच्या पाठीवर, आणि काठी दिसायची ती हाकणाऱ्याच्या हातात. गाडीत किती गाठी भरायच्या हे ठरवणारा व्यापारी दिसायचा नाही.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं. पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतलं, समिती बसली आणि त्यातून १९६० चा कायदा झाला. त्यात 'दिसेल तोच गुन्हा' ही अट नाही, ही मोठी गोष्ट. पण १८९० मध्ये पहिल्याच गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती. आज पहिल्या गुन्ह्याला कमाल पन्नास रुपये आणि कैद नाहीच. गोऱ्या साहेबाचा कायदा कागदावर तरी जास्त कडक होता. हे वाचून मी दोनदा तपासलं.

आता शंकरपटाकडे या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या, आणि विदर्भातले पट थांबले. २०१७ मध्ये महाराष्ट्राने याच कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. या दुरुस्तीनुसार शर्यतीत अटी मोडून बैलाला यातना दिल्या, तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. तोच कायदा, तोच बैल, तीच आर. पटावर पाच लाख, शेतात पन्नास. पटावर गर्दी असते, मोबाइल असतात. १८९० ची ती अट मागच्या दाराने परत आल्यासारखी वाटते.

वाघाचंही तसंच. २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगावच्या जंगलात अवनी मारली गेली, तेव्हा देशभर हॅशटॅग फिरले. वाघाच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे, आणि ती असायलाच हवी. बैलाचा हॅशटॅग मला आठवत नाही.

'मग शिक्षा वाढवा' हे सोपं उत्तर आहे. मला ते अर्धंच पटतं. मारहाण आणि जादा ओझं हे गुन्हे अदखलपात्र आहेत. तुम्ही व्हिडिओ घेऊन ठाण्यात गेलात, तर एनसी लिहून घेतील, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. म्हणजे दंड पन्नास हजार केला तरी तो लागणार कुणाला?

त्याहून खटकतं ते कलम ११ मधलं एक परंतुक. मालकाने देखरेख केली नाही म्हणून तो दोषी ठरला, तर दंडाचा पर्याय न देता त्याला कैद करता येत नाही. हाकणाऱ्याला ही सवलत नाही. आमच्या भागात बैल एकाचे असतात आणि काठी दुसऱ्याच्या हातात. तो सालदार, वर्षाच्या कराराने बांधलेला. खेपा किती करायच्या, कडक उन्हात जुंपायचं की नाही, हे त्याने ठरवलेलं नसतं. दुसऱ्यांदा सापडला तर तीन महिने आत जाऊ शकतो तो. त्याच्या घरी चूल कशी पेटेल, हे कलमात नाही. पाच लाखांचा दंड त्याच्यावर आला, तर मी त्याला न्याय म्हणणार नाही. सालदार हातातला आसूड मजेने चालवतो की भीतीने, हे न्यायाधीशाने विचारायला हवं, आणि आधी गाडी भरणाऱ्याला पिंजऱ्यात उभं करायला हवं.

कामाचं कलम मला २९ वाटतं. पुन्हा छळ होईल असा पुरावा असेल, तर दोषी मालकाकडून जनावर काढून सरकारजमा करता येतं, आणि पुढे कुठलंही जनावर ठेवायला मनाई करता येते. हे १९६० पासून आहे. ज्याचा सगळा कारभार बैलजोडीवर चालतो, त्याला पन्नास रुपयांपेक्षा याची धास्ती जास्त. पण त्यासाठी आधी तो मालक म्हणून दोषी ठरायला हवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम ३२५ मध्ये आता दहा आणि पन्नास रुपयांचा हिशेब नाही. कुठल्याही जनावराला ठार किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कुत्रं आणि बैल एका ओळीत आले. सदर मात्र अजून आगळिकीचंच, प्रकरण मालमत्तेचंच. १९६० चा कायदा बदलण्याचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता. तो अजून मसुदाच आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतात, तेव्हा जुवाखाली पडलेला घट्टा बोटांना लागतो. चोळणारा बहुतेक घरांत सालदारच असतो.